पहिला रकाना

"मावशी, हा शब्द खोडा."

स्वप्नाने कागद मालनपुढे सरकवला आणि पेनाच्या टोपणाने त्या शब्दावर टकटक केलं. कागदावर तीन रकाने होते. पहिला, 'आधी काय झालं'. दुसरा, 'जगनने काय केलं'. तिसरा, 'नंतर काय झालं'. सातवी शिकलेल्या मालनने गोल गोल अक्षरांत, रेघेबाहेर काही जाऊ नये अशा बेताने तो भरला होता. मधल्या रकान्यात, 'ट्रे फेकला. माझ्या मनगटाला चावला.' शेवटच्यात, 'मी ओरडली. सरांनी त्याला धरला. तो लय रडला.' आणि पहिल्यात एकच शब्द. 'उगाच.'

"पण मॅडम, उगाचच चावला ना तो. मी काय केलेलं त्याला?"

"उगाच कोणी चावत नाही. तुम्ही चावता का मला उगाच?"

"माझ्या दाढा कुठे राहिल्यात चावायला!" मालन म्हणाली आणि दोघी हसल्या. मग मालनची नजर स्वतःच्याच मनगटावरच्या पट्टीकडे गेली आणि हसू तिथेच विरलं.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांच्या भिंती संपून इमारती सुरू होतात तिथल्या एका गाळ्यात ही कार्यशाळा भरते. बौद्धिक अक्षमता असलेली, स्वमग्न अशी अठरा मोठी माणसं सकाळी दहाला व्हॅनमधून उतरतात आणि साडेचारला पुन्हा चढतात. मोठी म्हणजे खरोखरच मोठी. सर्वेशच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत, वैशालीला जवळचं वाचायचा चष्मा लागलाय. तरी इथे सगळे त्यांना 'मुलं'च म्हणतात. मालनही म्हणायची. महिन्यापूर्वी आलेली ही स्वप्ना, ठाण्याहून मंगळवारी आणि गुरुवारी येणारी मानसशास्त्रज्ञ, तेवढी दर वेळी अडवायची. "मुलगा नाही मावशी, माणूस. बत्तीस वर्षांचा माणूस."

जगन बत्तीस वर्षांचाच होता. उंचापुरा, खांदे रुंद, नखं आईने स्वच्छ कापलेली. बोलत नसे. हवं ते बोटाने दाखवायचा, नको ते हाताने सारायचा. नऊ वर्षांत त्याने कधी कुणाला नख लावलं नव्हतं. दिवाळीनंतर मात्र काय झालं कोण जाणे. आधी ट्रे ढकलला, मग फेकला, मग स्वतःच्या कपाळावर ठोसे मारले. आणि डिसेंबरात मालनचं मनगट.

"मावशी, एक सांगू?" साईनाथ सर त्या दिवशी पट्टी बांधता बांधता म्हणाले होते. कार्यशाळा त्यांनीच उभी केलेली. केस विरळ, आवाज मऊ, खिशात कायम तीन पेनं. "बाकीच्या पालकांनी लिहून दिलंय. उद्या तो वैशालीला चावला तर? जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मीटिंग घेतोय. तोवर फरक पडला नाही तर जगनला आपण नाही ठेवू शकत."

"घरी बसवणार त्याला?"

"मी तरी काय करू?"

घरी बसवणं म्हणजे काय ते मालनला ठाऊक होतं. शांताबाई, जगनची आई, सदुसष्ट वर्षांची. नवरा गेलेला, गुडघे गेलेले, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा जगन त्या खोलीत दाराला डोकं आपटायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शांताबाईंनी एकदा गेटजवळ सांगितलं होतं. "गोळी दिली की तो गप होतो हो. पण मग तोंडातून लाळ गळते आणि बघतो भिंतीकडे. तो मग माझा जगन नसतोच. जगनच्या कपड्यातला कोणीतरी असतो."

म्हणून मालन कागद भरत होती. रोज. तिच्या पगाराच्या कामात हे बसत नव्हतं. झाडणं, पुसणं, चहा करणं, संडासला नेणं, आणि मुलांचे ट्रे मांडणं आणि उचलणं. एवढंच तिचं काम.

*

मालन कोपरीच्या चाळीत वाढली आणि लग्न होऊन शहाडला आली. नवरा लवकर गेला. सम्यक, तिचा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा. त्याला शेजारी ठेवून ती मानपाड्याच्या एका कारखान्यात लागली, पंख्याच्या मोटरचे सुटे भाग निवडायला. सतरा वर्षं टेबलाशी उभी राहून तिने वॉशर निवडले. बारीक वेगळे, जाड वेगळे, वाकडे बाजूला. आणि त्या सतरा वर्षांत तिला एक खोड लागली. कुठेही गेली, दवाखान्यात, विहारात, कुणाच्या साखरपुड्याला, की आधी मान वर करून पंख्याकडे बघायची. "ह्याच्यात माझा वॉशर असेल," ती सम्यकला म्हणायची. सम्यक लहान होता तेव्हा त्याला ते खरं वाटायचं. मोठा झाल्यावर तो लाजायला लागला. "आई, बस ना आता. लोकं बघतात." पण मालनला मनातून ते खरंच वाटत राहिलं. कारखाना बंद पडला, ती कार्यशाळेत आली, तरीही.

कार्यशाळेत काम तेच होतं. आजूबाजूचे छोटे कारखानदार पोती पाठवायचे. मिसळलेले स्क्रू, नट, वॉशर. प्रत्येकाच्या पुढ्यात सहा खणांचा ट्रे. निवडायचे, भरायचे, पोतं परत जायचं. जगनच्या पहिल्या आठवड्यात तो ट्रेला हात लावेना. मालन त्याच्या शेजारी बसली. एक वॉशर त्याच्या तळहातावर ठेवला, मग बोट वर केलं, छताच्या पंख्याकडे, आणि बोट गोल फिरवलं.

"हा तिथं जातो. कळलं? तू निवडला की तो पंखा फिरतो."

जगनने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बघून निवडायला लागला, आणि संध्याकाळी ट्रे भरला तेव्हा त्याने स्वतःचं बोट वर करून गोल फिरवलं. त्यानंतर ते रोजचंच झालं. ट्रे भरला, मालन उचलायला आली, की जगनचं बोट वर. मालनचंही वर. दोघांची बोटं दोनदा गोल फिरायची आणि दिवस संपायचा. वैशाली कपाळाला हात लावायची. "झाला ह्यांचा पंखा सुरू!"

तीन वर्षांपूर्वी पोती कमी झाली. एक कारखाना गुजरातला गेला, एकाने मशीन घेतलं, एकाने फोन उचलणं बंद केलं. महिन्यातून दोन-तीन दिवसांचंच काम राहिलं. साईनाथ सर कारखान्यांचे उंबरे झिजवून आले. एका संध्याकाळी, व्हॅन गेल्यावर, त्यांनी मालनला बोलावलं.

"मावशी, ही मुलं रिकामी बसली की बिघडतात. पुस्तकातच लिहिलंय तसं. आपण असं करू. आहेत तेच स्क्रू रात्रीचे मिसळून ठेवायचे. सकाळी पुन्हा निवडतील. त्यांना काय, काम मिळाल्याशी मतलब."

मालनला त्यात काही वावगं वाटलं नाही. बिचारी मुलं, हाताला चाळा हवा. तेव्हापासून रोज साडेचारनंतर ती झाडून घ्यायची, चहाचं पातेलं घासायची, आणि स्टोअरमध्ये जाऊन अठरा ट्रे एका मोठ्या घमेल्यात ओतायची. हाताने खालीवर करायची, भाकरीचं पीठ मळावं तसं. मग कुलूप. सकाळी त्यातूनच ओंजळी भरून ट्रे मांडायचे. तिच्या लेखी ते झाडण्यापुसण्यासारखंच एक काम होतं.

*

स्वप्नाने 'उगाच' खोडायला लावल्यापासून मालनची नजर बदलली. आता ती जगनकडे बघायची ती कागदात काय लिहायचं त्या हिशोबाने.

"आधी दुखणं बघू," स्वप्ना म्हणाली. "ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं आधी बघायचं."

कान बघितले. पोट बघितलं. दातांच्या डॉक्टरांकडे नेताना मालन, शांताबाई आणि व्हॅनचा ड्रायव्हर असे तिघं लागले. एक दाढ किडली होती, ती भरून झाली. शांताबाईंनी हात जोडले. "दाढच असणार मेली." दुसऱ्या दिवशी जगनने ट्रे फेकला.

मग सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. कुणी म्हणालं, चहा उशिरा होतो म्हणून. चहा लवकर केला. ड्रायव्हर म्हणाला, कंपनीचा भोंगा. भोंगा वाजायच्या वेळी जगनला आतल्या खोलीत बसवला. तो मजेत बसला, बाहेर आला आणि ट्रे फेकला. मालनला वाटलं आपण डोक्याला तेल लावतो त्याचा वास. आठवडाभर कोरडे केस घेऊन आली. सम्यक म्हणाला, "काय गं, तुझ्या केसांना काय झालं, शॉक लागला काय?"

तीन आठवड्यांत ट्रे फेकल्याचे अकरा कागद झाले. स्वप्नाने ते टेबलावर ओळीने मांडले.

"कोपऱ्यात लिहिलेली वेळ बघा, मावशी."

मालनने बोट फिरवत वाचलं. पावणेचार. चारला पाच कमी. पावणेचार. चार.

"ट्रे उचलायच्या टायमाला," ती हळूच म्हणाली.

"बरोबर. आता एक करून बघू. आज तुम्ही नका उचलू. सर उचलतील."

साईनाथ सर गेले. "काय जगनशेठ, झालं का काम?" म्हणत त्यांनी ट्रेला हात घातला. पुढच्या क्षणाला स्क्रू जमिनीवर, सर भिंतीशी, आणि जगनचे ठोसे स्वतःच्या कपाळावर. धप्. धप्. मालन धावली, तिने दोन्ही तळहात त्याच्या कपाळावर ठेवले. ठोसे तिच्या बोटांवर पडले. "बस राजा, बस. नाही नेत. नाही नेत."

पुढच्या मंगळवारी कुणीच ट्रे उचलला नाही. पावणेचार वाजले. चार वाजले. जगन दोन्ही हात ट्रेभोवती टाकून बसून राहिला. सव्वाचार. तो कुणाला चावला नाही, काही फेकलं नाही. व्हॅन आली तेव्हा त्याने ट्रे टेबलाच्या खाली, भिंतीच्या कडेला सरकवून ठेवला आणि वर स्वतःचा नॅपकिन झाकला.

"लपवला," स्वप्ना म्हणाली. मग वळली. "मावशी, इथून ट्रे कुठे जातो?"

"आत. स्टोअरमध्ये."

"आणि मग?"

मालनने तोंड उघडलं. पण तिच्याआधी साईनाथ सर बोलले. तेव्हा ते खिशातली पेनं उगाच सारखी करत होते.

"मग पार्टीकडे जातो माल. नेहमीसारखा."

स्वप्नाने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. मालनने पातेलं उचललं आणि घासायला गेली. घासलेलं पातेलं तिने पुन्हा घासलं.

*

त्या शुक्रवारी शांताबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या, दाढ दाखवायची होती म्हणून. गेटवर उभ्या राहिल्या, पिशवी या हातातून त्या हातात करत.

"मावशी, मीटिंगला मी काय बोलू? मला तर काय सुचत नाही."

"तुम्ही या तर खरं, आई."

"हल्ली तो घरी पण कसा झालाय. आधी संध्याकाळी आला की मला पंखा दाखवायचा. असं." शांताबाईंनी बोट वर करून गोल फिरवलं. "रोज! मी चपात्या लाटत असले तर माझी हनुवटी धरून वर करायचा, बघ म्हणून. आता नाही करत. दिवाळीपासून एकदाही नाही."

मालन तिथेच उभी राहिली.

तिलाही नाही. दिवाळीपासून तिलाही एकदा नाही. आणि हे कुठल्याच कागदात नव्हतं, कारण कागद विचारत होता की जगनने काय केलं. त्याने काय करणं थांबवलं, त्याला रकानाच नव्हता.

आणि मग तिला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता, तिने नुसती त्याच्याकडे पाठ केली होती. भाऊबीजेनंतरचा पहिला सोमवार. व्हॅनचं चाक पंक्चर झालेलं, मुलं बाहेर कट्ट्यावर बसलेली, अंधार पडायला लागलेला. मालन म्हणाली, उशीर नको, आपलं काम उरकून घेऊ. स्टोअरमध्ये गेली आणि ट्रे ओतायला लागली. खळ्ळकन एक. खळ्ळकन दुसरा. मागे काहीतरी हललं म्हणून वळून बघितलं तर दारात जगन. नॅपकिन विसरला होता, तो घ्यायला आलेला. त्याचाच ट्रे तिच्या हातात होता, अर्धा रिकामा.

जगनने घमेल्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग छताकडे, पंखा नव्हता तरीही. आणि निघून गेला.

'त्याला काय कळतंय,' असं मालन त्या वेळी स्वतःशी म्हणाली होती. आणि उरलेला ट्रे ओतला होता.

अकरा वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला, कॉलेजच्या पोरींना, पाहुण्यांना सांगत आली होती. "ह्यांना सगळं कळतं हां. फक्त बोलता येत नाही." टाळ्या घेत आली होती त्या वाक्यावर.

"काय झालं मावशी? बसा बसा," शांताबाई म्हणाल्या.

"काय नाही आई. चक्कर आल्यासारखं वाटलं."

*

रविवारी दुपारी सम्यक जेवून पसरला होता आणि मालन चटईवर कागद घेऊन बसली. कोरा, तीन रकान्यांचा. भोपळ्याची भाजी थंड झाली तरी तिची पहिली ओळ होईना.

"काय लिहितेस एवढं? प्रेमपत्र?"

"गप रे."

सम्यकने तिच्या खांद्यावरून वाचलं, आणि मग उठून बसला. पुन्हा वाचलं.

"आई. हे तू देणार?"

"हो."

"येडी आहेस काय? सरांनी सांगितलेलं तुला करायला. आता सगळं तुझ्यावर येणार. आणि जॉब गेला तर? ह्या वयात कोण घेणार तुला?"

"मला समोर बसवून सर सांगत होते ना, की मिसळ म्हणून. हात कोणाचे होते?"

"अगं पण त्या जगनला कुठे वाचता येतंय हे?"

मालनने मुलाकडे बघितलं. रागाने नाही. हेच वाक्य तिने वेगळ्या शब्दांत म्हटलं होतं, म्हणून.

"सम्या," ती म्हणाली, "मी सतरा वर्ष वॉशर निवडले. समज रोज संध्याकाळी मॅनेजर ते परत ओतत असता. आणि मला कोणी सांगितलंच नसतं. आणि मी जाईन तिथं मान वर करून पंखे बघत असती."

सम्यकने तिच्या हातातलं थांबत थांबत चालणारं पेन घेतलं, दुसरं आणून दिलं.

*

मंगळवारी तिने कागद स्वप्नाच्या हातात दिला. साईनाथ सरही तिथेच होते. मालनने मुद्दाम ते असतानाच दिला.

पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'आधी मी रोज संध्याकाळी त्याने निवडलेलं सगळं परत मिसळते. तीन वर्ष. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी व्हॅन लेट झाली तेव्हा त्याने बघितलं. मी बघितलं की त्याने बघितलं.'

दुसऱ्यात, 'पंखा दाखवायचा बंद केला. नंतर ट्रे देईना.'

तिसऱ्यात, 'आम्ही त्याची दाढ भरली.'

स्वप्नाने वाचलं आणि कागद सरांपुढे ठेवला. सर वाचत असताना बाहेर वैशाली सर्वेशला दटावत होती, "माझा खण आहे तो, हात काढ!"

"मावशी," सर अखेर म्हणाले. "मला आधी सांगायचंत."

"आधी कळलं कुठे सर. आणि तुम्ही गेल्या मंगळवारी बोललात ना, पार्टीकडे जातो."

"पालकांना काय सांगणार होतो मी? काम नाही, म्हणून बंद करतो? आपण त्यांच्या हातांना काम दिलं. खोटं असेल, पण..." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुस्तकात लिहिलंय, रिकामे हात..."

"सर, पुस्तकात हेही लिहिलंय की वागणं म्हणजे बोलणं," स्वप्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो अडीच महिने बोलतोय. आपण त्याला धरून ठेवतोय."

शनिवारची मीटिंग झाली. सात-आठ पालक होते. सर स्वतः उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. मालनचं नाव घेतलं नाही. "मी करायला लावलं," एवढंच म्हणाले. गलका झाला. कुणी चिडलं, कुणी म्हणालं जाऊ द्या हो, मुलं सुरक्षित तर होती. शांताबाई मात्र मालनकडेच बघत होत्या.

"सावंतवाडीला माझी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "तिचे दोन्ही मुलगे नोकरीला. मी तिला फोनवर सांगायचे, माझा पण जातो हो कामाला. थकून येतो. मी त्याचे पाय चेपायचे रात्री." पदर तोंडावर दाबून त्या थांबल्या. "तुम्ही मला तरी सांगायचं होतंत, मावशी. मी रोज गेटवर तुम्हालाच भेटत होते."

मालनने माफी मागितली. शांताबाईंनी 'असू दे' म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही.

जगनला दोन महिने मिळाले.

*

स्वप्नाने आखणी केली ती साधीच होती. अमलात आणायला मात्र साऱ्यांची छाती दडपली. काम खरं असेल तरच ट्रे मांडायचा. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी रिकामा, पुसलेला ट्रे समोर ठेवून सांगायचं की आज काम नाही. भरलेला ट्रे जगनच्या हातून कुणीही घ्यायचा नाही. तो जिथे जाणार तिथे त्यानेच न्यायचा. आणि त्याने हात सारून नको म्हटलं, की तिथेच थांबायचं, चावायची वेळ येऊ द्यायची नाही.

"रिकामा ट्रे ठेवल्यावर तो गाळा डोक्यावर घेईल," सर म्हणाले.

पहिल्या सोमवारी मालनने रिकामा ट्रे ठेवला. "जगन, आज काम नाही. खरंच नाही. उद्या पण नसेल."

जगनने सहाही खणांत बोट फिरवून बघितलं. ट्रे उलटा करून बघितला. मग तो उठला, खिडकीशी गेला आणि तासभर रस्त्यावरचे टेम्पो बघत उभा राहिला. नंतर वैशालीसोबत कुंड्यांना पाणी घातलं. दिवस गेला. ज्याला तीन वर्षं सगळे भीत होते तो रिकामा दिवस, तो असा कुंड्यांना पाणी घालून गेला.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. एकदा नव्या मदतनीस बाईंनी न विचारता ट्रे हलवला आणि जगनने कपाळ फोडून घेतलं. स्टोअरच्या दारापाशी तो अजूनही थांबतो, आत डोकावतो. मालनने घमेलं भंगारात दिलं, तरी डोकावतो.

खरं काम शोधायला मालनच हिंडली. मानपाडा रोडवर मधुशेठचं हार्डवेअरचं दुकान आहे. शेठच्या पायाशी कायम एक पोतं. गिऱ्हाइकांनी परत केलेले, पाकिटं फुटलेले, सांडलेले स्क्रू.

"हे कोण निवडणार मावशी? पोरं बसतात मोबाईलवर. द्या तुमच्या मुलांना."

"मुलं नाहीत शेठ. माणसं आहेत. आणि एक अट आहे. माल घेऊन माणूस स्वतः येणार."

मार्चच्या एका गुरुवारी, सकाळी अकराला, जगन माल घेऊन निघाला. सहा प्लास्टिकच्या बरण्या, खोक्यात. खोका त्याने छातीशी धरला होता. मालन त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतर ठेवून. सिग्नलपाशी तिने खोक्याला हात लावायला घेतला आणि तसाच मागे घेतला.

दुकानात मधुशेठने काउंटर मोकळा केला. जगनने बरण्या एकेक करून मांडल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"वा! एकदम लायनीत," शेठ म्हणाले आणि त्यांनी पहिली बरणी उचलली, झाकण काढलं आणि मागच्या खणात उलटी केली.

खळ्ळकन.

मालनकडून हे सांगायचं राहिलं होतं. चावण्याचं सांगितलं, ओढू नका सांगितलं, ओतू नका हे सांगायचं राहिलं. तिने जगनकडे बघितलं. त्याची मान ताठ झाली होती, मुठी वळल्या होत्या. त्याने एका हाताने काउंटरची फळी वर केली आणि आत शिरला.

"अरे अरे, आत कुठे..."

"शेठ, बाजूला व्हा," मालन म्हणाली. "हात लावू नका त्याला. बघू द्या."

शेठ बाजूला झाले. जगन खणापाशी वाकला. त्याने हात आत घातला, मूठ भरून स्क्रू वर काढले आणि तळहात उजेडात धरला. एकाच मापाचे. पुन्हा हात घातला, अगदी तळापर्यंत, कोपरापर्यंत. एकाच मापाचे. शेजारचा खण उघडला. त्यातले वेगळे होते, पण आपसात सगळे सारखे.

मग त्याने दुसरी बरणी स्वतः उचलली. कुठल्या खणात ते बघितलं, आणि स्वतः ओतली. तिसरी. चौथी. सहाच्या सहा. खण एकेक करून बंद केले, आणि शेवटचा बंद करताना त्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला.

दुकानाच्या छताला जुना पंखा होता, काळवंडलेला, करकरत फिरणारा. बाहेर येताना जगनची नजर तिकडे गेली. मालनने ते बघितलं. तिचं बोट आपोआप वर गेलं आणि दोनदा गोल फिरलं.

जगनने तिच्या बोटाकडे बघितलं. बराच वेळ, पहिल्या आठवड्यात पंख्याकडे बघितलं होतं तितका वेळ. त्याचं बोट वर आलं नाही. त्याने हात पुढे करून तिचं बोट धरलं आणि सावकाश खाली केलं.

मालनने मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "बरं राजा."

समोर रस्ता होता, दोन्हीकडून रिक्षा आणि टेम्पो. जगनने रिकामा खोका काखेत मारला. तिचं बोट त्याने सोडलं नव्हतं. ते धरूनच तो पलीकडे निघाला, आणि मालन त्याच्या पावलाने चालली.